वाऱ्याची मोट

दोन नळ्या. पहिलीत जेल, दुसरीतही जेल. दोन्हींतून सारखंच दाबून काढायचं, कालवायचं आणि कालवल्याबरोबर त्वचेवर लावायचं. उरलंसुरलं उद्यासाठी म्हणून डबीत भरून ठेवायचं नाही. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलेलं 'झेलसुव्मी' हे औषध असं वापरतात. मोलस्कम कॉन्टॅजिओसम नावाच्या विषाणूमुळे अंगावर, विशेषतः लहान मुलांच्या, मोत्यासारख्या पुटकुळ्या उठतात, त्यांच्यासाठी ते आहे. पहिल्या नळीत बर्डाझिमर नावाचं पॉलिमर. त्याचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजनचा आणि कण्याच्या फांद्यांना नायट्रिक ऑक्साइड वायू रासायनिक गाठीने बांधलेला. दुसऱ्या नळीत पाणीदार हायड्रोजेल. गाठ सुटायला प्रोटॉन लागतो, तो हे हायड्रोजेल पुरवतं. म्हणून गाठ एका नळीत आणि ती सोडवणारा दुसऱ्या नळीत.

अशक्य कामाला आपण वाऱ्याची मोट बांधणं म्हणतो. या औषधाने ती शब्दशः बांधली आहे, पण नीट पाहिलं तर मोटेत वारा नाहीच. आंब्याच्या पेटीत ठेवली जाणारी कार्बाइडची पुडी आठवा. (बंदी आहे, तरी ठेवतात.) पुडीत वायू नसतो, खडा असतो. फळांचा ओलावा लागला की खड्यातून ॲसिटिलीन सुटतो आणि आंब्याला तो इथिलीनच वाटतो. इथिलीन म्हणजे झाडांचा निरोप्या वायू, अढीतल्या गवतात कोंडून राहतो तोच. आता इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरायला अधिकृत परवानगी आहे, पण वायूची टाकी आणि बंद खोली सांभाळण्यापेक्षा पुडी सोपी, म्हणून पुडीचा मोह सुटत नाही. कार्बाइडच्या जुन्या दिव्यातही हेच होतं: वर पाणी, खाली खडे, मध्ये थेंब सोडणारा स्क्रू. ज्योत मोठी-लहान करायची ती त्या स्क्रूने. औषधी वायू शरीरात पोचवणाऱ्या नॅनोवाहकांचं शास्त्र म्हणजे हाच स्क्रू, फक्त मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा आणि शरीरात शिरल्यावर हात न लावता फिरणारा.

औषधी वायू म्हणजे मुख्यतः तीन. तिघांचीही आपली ओळख विष म्हणूनच आहे. नायट्रिक ऑक्साइड (हास्यवायू नव्हे, तो नायट्रस ऑक्साइड) गाड्यांच्या धुरात असतो. कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत पेटवलेल्या शेगडीतून येतो आणि झोपेतच माणूस जातो. हायड्रोजन सल्फाइड गटारात उतरणाऱ्या कामगारांचा काळ. त्याचाच अगदी सौम्य अवतार आपण चाटवर भुरभुरून आवडीने खातो, कारण पादेलोणाला तो वास याच वायूचा. आणि हे तिन्ही वायू आपलं शरीर स्वतः रोज तयार करतं. मुका मार लागला की काळानिळा डाग चारसहा दिवसांत हिरवट होतो. तो हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा. रक्तातला हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग) तुटून बिलिव्हर्डिन होतो तेव्हा दर हीममागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सुटतो. लसणाची चटणी खाल्ल्यावर त्यातल्या पॉलिसल्फाइडांपासून तांबड्या पेशी हायड्रोजन सल्फाइड काढतात आणि रक्तवाहिन्या किंचित सैलावतात, हे २००७ साली दाखवलं गेलं. नायट्रिक ऑक्साइडची कथा १९८० पासूनची. रॉबर्ट फर्चगॉट यांना सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर दिसलं, की आतलं नाजूक अस्तर खरवडून गेलं तर ॲसिटिलकोलीन नावाच्या संदेशवाहक रेणूने धमनी सैल होत नाही, उलट आवळते. म्हणजे अस्तरातून काहीतरी निरोप जातो. तो निरोप हा साधा दोन अणूंचा वायू आहे हे १९८७ साली ठरलं आणि १९९८चं नोबेल त्यावर मिळालं.

निरोप नॅनोमोलर पातळीवर चालतो, म्हणजे लिटरमध्ये मोलच्या अब्जाव्या भागावर. मायक्रोमोलरवर गेलं की तोच नायट्रिक ऑक्साइड जंतू मारतो, पेशीही मारतो. अगदी कमी प्रमाणात तो स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूच्या चिकट थरातल्या जंतूंना 'उठा, पांगा' असं सांगतो, मारत नाही. पांगलेले जंतू मग साध्या अँटिबायोटिकच्या तावडीत सापडतात. एकाच रेणूची ही तीन कामं. कोणतं काम होणार हे ठरतं ते किती वायू दिला यापेक्षा तो किती वेगाने सुटला यावर. या विषयावरचे शोधनिबंध वाहकात किती भरलं याच्या आकड्याने सुरू होतात, तेव्हा मला शंका येते. मोट केवढी हे विचारण्याआधी ती किती वेळात रिकामी होते ते विचारावं.

पहिला प्रश्न कोणालाही पडेल: वायू सरळ नॅनोफुग्यात भरून का पाठवत नाहीत? हिशेब करून पाहू. १०० नॅनोमीटर व्यासाचं पोकळ कवच घेतलं आणि साध्या दाबाने नायट्रिक ऑक्साइड भरला, तर त्यात साधारण १३ हजार रेणू मावतात. त्याच आकाराचा भरीव पॉलिमरकण घेतला आणि दर मिलिग्रॅम पॉलिमरला एक मायक्रोमोल वायू गाठीने बांधला, तर रेणू होतात साडेतीन लाख. सत्तावीस पट. शिवाय फुगा गळतो. इतक्या लहान, विद्युतभार नसलेल्या रेणूला पॉलिमरची भिंत म्हणजे मच्छरदाणीतून धूर. नॅनोवाहकाची भिंत जाड करून वायू रोखू असं ज्यांना वाटतं, ते घागरीला कापडाचं बूड लावत असतात. वायू रोखायचा तो गाठीत. भिंतीने करायचं काम वेगळं: गाठ सोडवणाऱ्याला दारात अडवणं.

नायट्रिक ऑक्साइडच्या गाठी प्रामुख्याने दोन. पहिली डायझेनियमडायोलेट, लॅबच्या बोलीत 'नोनोएट'. दुय्यम अमाइनच्या (ज्याच्या नायट्रोजनला दोन कार्बन जोडलेले असतात त्या संयुगाच्या) एका नायट्रोजनवर नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू एकमेकांना धरून बसतात. प्रोटॉन आला की अमाइन मोकळं आणि वायूचे दोन रेणू मोकळे. कोणतं अमाइन वापरलं यावर सुटण्याचा वेग ठरतो, आणि ही रेंज थक्क करणारी आहे. ३७ अंशांना, पीएच ७.४ला प्रोलीनच्या नोनोएटचं अर्धायुष्य १.८ सेकंद, डायएथिलअमाइनच्याचं २ मिनिटं, स्पर्मीनच्याचं ३९ मिनिटं, आणि डायएथिलीनट्रायअमाइनच्याचं, म्हणजे डीईटीएच्याचं, २० तास. १०० मायक्रोमोलर द्रावण घ्या. प्रोलीनवालं पहिल्या क्षणी सेकंदाला ७७ मायक्रोमोलर वेगाने वायू ओततं. डीईटीएवालं सेकंदाला जेमतेम २ नॅनोमोलर. बाटलीवर दोन्हींचं प्रमाण एकच लिहिलेलं असतं, वेगात मात्र ४० हजार पटींचं अंतर. एकाने पेशी मरतात, दुसऱ्याने निरोप पोचतो. 'नायट्रिक ऑक्साइड १०० मायक्रोमोलर दिला' या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

पॉलिमरवर ही गाठ मारायची रीत साधी दिसते आणि ठायी ठायी दगा देते. दुय्यम अमाइन असलेलं पॉलिमर, समजा १०० मिलिग्रॅम, कोरड्या मेथॅनॉलमध्ये विरघळवायचं. दर अमाइनमागे एक हिस्सा सोडियम मेथॉक्साइड घालायचं, म्हणजे अमाइनचा प्रोटॉन कोणीतरी उचलेल. जाड पोलादी भांड्यात ठेवून आर्गॉनने तीन वेळा थोडं थोडं आणि मग तीन वेळा दहा-दहा मिनिटं भरून-सोडून धुवायचं. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांवरून शुद्ध करून आणलेला नायट्रिक ऑक्साइड ५ वातावरण दाबाने भरायचा आणि तीन दिवस ढवळत ठेवायचं. शेवटी पुन्हा आर्गॉन, तितक्याच निगुतीने, आणि थंड इथरमध्ये पॉलिमर खाली बसवायचं.

लोक घाई करतात ती शेवटच्या आर्गॉनच्या वेळी. तीन दिवस झालेले असतात, पदार्थ तयार असतो, झाकण उघडायची उत्सुकता. पण भांड्यात वायू उरलेला असताना हवा शिरली, की क्षणात नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि तो अमाइनवर जाऊन नायट्रोसअमाइन बनवतो. नायट्रोसअमाइन म्हणजे कर्करोगकारकांचं खानदान. द्रावणाला पिवळसर झाक आली तर शंका घ्यावी. सुरुवातीचं धुणं कमी पडलं तरी तेच. दुसरी चूक जरा लपलेली आहे: मेथॉक्साइड स्वतःच नायट्रिक ऑक्साइडशी हळूहळू झोंबतं आणि त्यातून जे तयार होतं ते अतिनील किरणमापनात गाठीसारखंच, २५० नॅनोमीटरच्या आसपास, डोकं वर काढू शकतं. म्हणून अमाइन न घातलेलं एक कोरं भांडं त्याच दिवशी, त्याच दाबाखाली चालवावं. ते कोणी चालवत नाही. तीन दिवस पोलादी भांडं कोऱ्यासाठी अडवून ठेवायला जीव होत नाही, हे खरं कारण.

दुसरी गाठ थायॉलवरची, म्हणजे गंधक-हायड्रोजनच्या जोडीवरची, नायट्रोसोथायॉल. ही डोळ्यांना दिसते. ग्लुटाथायोन (आपल्या पेशींतलंच एक थायॉल) ५ मिलिमोल, म्हणजे १.५४ ग्रॅम, ८ मिलिलिटर बर्फगार पाण्यात घ्यायचं, त्यात २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल अडीच मिलिलिटर. बर्फात ठेवूनच सोडियम नायट्राइट ०.३४५ ग्रॅम घालायचं. घातल्या घातल्या रंग लालभडक होतो. चाळीस मिनिटं ५ अंशांखाली ढवळून १० मिलिलिटर ॲसिटोन घातलं, की गुलाबी भुकटी खाली बसते. गाळायची, बर्फाच्या पाण्याने थोडी थोडी धुवायची, मग ॲसिटोन, मग इथर. हे नायट्रोसोग्लुटाथायोन, जीएसएनओ. एक मिलिमोलर द्रावणाचं ३३५ नॅनोमीटरला शोषण ०.९२च्या आसपास आलं तर माल चोख. नायट्राइट जास्त पडलं तर तपकिरी वाफ दिसते आणि धुऊनही नायट्राइट मागे राहतं. ते पुढे मोजमापात छळतं.

या गाठीचे शत्रू वेगळे: उजेड, ऊब आणि तांबं. तांब्याचं नावही पुरतं. बफरच्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाच्या) मिठांतून, पाण्याच्या नळीतून आलेला अंशमात्र तांब्याचा आयन एका गाठीवर थांबत नाही, सोडत सुटतो. म्हणून प्रत्येक बफरमध्ये धातूचे आयन पकडून ठेवणारं डीटीपीए १०० मायक्रोमोलर, भांड्यांना फॉइल, आणि डायलिसिसची पिशवी थंड खोलीत अंधारात. हे न केलेल्या प्रयोगात 'आमच्या वाहकातून वायू सहा तासांत सुटला' असं लिहिलेलं असेल तर त्या सहा तासांत वाहकाचा वाटा किती आणि नळाच्या पाण्याचा किती, कोण सांगणार?

आता पॉलिमर. पाठ्यपुस्तकी उत्तर असतं पीएलजीए, लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या साखळीचं पॉलिमर, कारण ते शरीरात विरघळतं, परवानगी असलेलं आहे, सगळ्यांकडे असतं. जीएसएनओ पाण्यात विरघळतो, पीएलजीए तेलकट द्रावकात, म्हणून दुहेरी इमल्शन करतात: पाण्याचे थेंब तेलात, ते तेल पुन्हा पाण्यात. दुसऱ्या ढवळणीत आतलं औषध बाहेरच्या पाण्यात पळतं. म्हणून हाताशी भरणी कमी लागते, आणि पृष्ठभागाजवळ जे अडकलं ते पहिल्याच तासात भसकन सुटतं. आतलं पाणीच काढून टाकून कोरडी बारीक भुकटी तेलात कालवली तर पळापळ बरीच कमी होते, पण भुकटी खरोखर बारीक हवी, नाहीतर कण मोठे होतात.

नोनोएट पीएलजीएत भरणाऱ्यांची पंचाईत आणखी वेगळी. पीएलजीए विघटताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल सोडतं. ही आम्लं कणाच्या पोटात साचतात, आतला पीएच ३-४पर्यंत उतरू शकतो. नोनोएटला प्रोटॉनचीच वाट होती. बाहेर बफर ७.४वर निवांत, आत गाठी पटापटा सुटतायत. म्हणजे जे पॉलिमर गाठ जपायला घेतलं तेच ती सोडवतं. पण हाच दोष कुणाच्या तरी कामी येतो, आणि मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. गाठ सुटली की अमाइन मोकळं होतं, अमाइन अल्कधर्मी, त्यामुळे आजूबाजूचा पीएच चढतो आणि पुढच्या गाठी सुटेनाशा होतात. मोट अर्धी भरलेली असतानाच अडते. मिशिगन विद्यापीठात मार्क मायरहॉफ यांच्या गटाने कॅथेटरसारख्या वस्तूंवरच्या लेपात नेमकं हे पाहिलं आणि लेपातच पीएलजीए मिसळलं: अमाइन जसजसं पीएच वर ढकलेल तसतसं पीएलजीएचं आम्ल तो खाली ओढेल. दोन दोषांची एकमेकांशी गाठ मारून दिली आणि वायू दिवसेंदिवस सुटत राहिला.

मोकळं झालेलं अमाइन जातं कुठे, हाही प्रश्न टाळता येत नाही. ते पॉलिमरला जोडलेलं नसेल तर रक्तात उतरेल, वाटेत नायट्रोसअमाइन होईल. म्हणून अमाइन पॉलिमरच्या कण्यावरच पक्कं बसवावं. वायू जाऊ दे, अमाइन घरीच राहू दे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या मंडळींनी ताऱ्याच्या आकाराच्या पॉलिमरवर स्पर्मीन असंच बांधून मग वायू चढवला.

वाहकाच्या गाभ्याबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. गाभा तेलकट ठेवला की पाणी आत येत नाही, प्रोटॉन येत नाही, गाठ सुरक्षित. हे अर्धं खरं. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन दोघांनाही पाण्यापेक्षा तेल आवडतं. दोघे तेलकट गाभ्यात गोळा होतात, आणि त्यांच्या अभिक्रियेचा वेग नायट्रिक ऑक्साइडच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतो. जॅक लँकेस्टर यांच्या गटाने १९९८ साली पेशीपटलांच्या तेलकट भागात ही अभिक्रिया पाण्यातल्यापेक्षा सुमारे ३०० पट वेगाने होते असं दाखवलं. मायसेलचा, म्हणजे पाण्यात पॉलिमरच्या साखळ्या एकत्र येऊन होणाऱ्या गोळ्याचा, गाभा काही वेगळा नाही. सुटलेला वायू बाहेर पडायच्या आतच नायट्राइटकडे वळू शकतो. उलट, पाण्यात विरळ झालेला नायट्रिक ऑक्साइड ऑक्सिजनसमोरही चिवट असतो: एक मायक्रोमोलर असेल तर अर्धा संपायला दहाएक मिनिटं लागतात, दहा नॅनोमोलर असेल तर त्याच्या शंभर पट. 'नायट्रिक ऑक्साइड काही सेकंदच जगतो' हे पाठ वाक्य रक्त आणि पेशींपुरतं खरं आहे, कारण तिथे हिमोग्लोबिनसारखे पकडणारे टपलेले असतात.

कार्बन मोनॉक्साइडचं काम वेगळ्या वाटेने जातं. तो आळशी रेणू, त्याला गाठीत धरायला धातू लागतो. रोबेर्तो मोतेर्लिनी यांनी २००२ पासून रुथेनियमची कार्बोनिल संयुगं पुढे आणली, कॉर्म-२, कॉर्म-३ वगैरे (कॉर्म म्हणजे कार्बन मोनॉक्साइड सोडणारा रेणू). कॉर्म-३ तर पाण्यात चालणारं, वापरायला सोपं, पण रुथेनियम रक्तात फिरतं आणि पेशींना सोसत नाही. लोझानमध्ये उरारा हासेगावा आणि जेफ्री हबेल यांच्या गटाने २०१०मध्ये त्यावर पॉलिमर मायसेल काढलं. तीन खंडांची साखळी. बाहेर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटू न देणारी झालर. आत एन-ब्युटिलॲक्रिलमाइडचा पाणी न आवडणारा खंड, त्यामुळे साखळ्या एकत्र येऊन ३० ते ४० नॅनोमीटरचा गोळा होतो. आणि मधल्या खंडावर ऑर्निथिनची बाजूशाखा, तिला रुथेनियम ट्रायकार्बोनिल पकडून बसलेलं.

या मधल्या खंडाकडे जरा वेळ पाहावं. धातू ना अगदी आत ना बाहेर. पूर्ण आत असता तर सिस्टीनसारखा थायॉल त्याच्यापर्यंत पोचला नसता. बाहेर असता तर प्रथिनांनी लुटला असता. नुसत्या पाण्यात मायसेल शांत राहतं, सिस्टीन आल्यावर कार्बन मोनॉक्साइड सोडतं, आणि तेही कॉर्म-३पेक्षा सावकाश. वायू गेल्यावर रुथेनियम साखळीवरच लटकत राहतो. मानवी मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत या मायसेलने दाहाचा निरोप खाली आणला आणि रुथेनियमचा विषारीपणाही बराच झाकला. पेशीच्या आत ग्लुटाथायोन १ ते १० मिलिमोलर असतं, रक्तद्रवात मोजके मायक्रोमोलर. हजार पटींचा हा फरक म्हणजे आयती किल्ली, आणि ती वापरायची तर कुलूप कुठे बसवलं यालाच महत्त्व.

किल्ली शरीराच्या ठिकाणावर असावी, घड्याळावर नसावी, असं मी आग्रहाने म्हणेन. २०१६च्या एका मोठ्या आढाव्यात, दहा वर्षांतल्या प्रयोगांचा मध्यक काढला तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी ०.७ टक्केच गाठीपर्यंत, म्हणजे ट्यूमरपर्यंत, पोचत होते. साधं औषध भरलेला कण वाटेत हरवला तर औषध वाया जातं, एवढंच. पण पंधरा मिनिटांच्या अर्धायुष्याची वायूची गाठ घेऊन निघालेला कण तासन्‌तास रक्तातच फिरला, तर पोचतो तेव्हा रिकामा असतो आणि सगळा वायू वाटेतल्या हिमोग्लोबिनने गिळलेला असतो. रक्तदाबही उगाच उतरतो. म्हणूनच बर्डाझिमरसारखं वायू सोडणारं पॉलिमर औषध बाजारात आलं ते त्वचेवर चोपडायचं. तिथे पत्ता शोधावाच लागत नाही.

मोजमापाबद्दल लिहायला बसलं तर रात्र पुरणार नाही. तीनच खड्डे सांगतो.

ग्रीस चाचणी स्वस्त आहे, सगळ्यांना येते. सल्फॅनिलमाइड ५ टक्के फॉस्फोरिक आम्लात, मग नॅफ्थिलएथिलीनडायअमाइन, दहा मिनिटं थांबा, ५४० नॅनोमीटरला गुलाबी रंग मोजा. ती नायट्राइट मोजते, वायू नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. विसरलं जातं ते आम्ल. नोनोएट भरलेले कण चाचणीच्या आम्लात पडले, की उरलेल्या गाठीही तिथेच सुटतात. म्हणजे दर तासाला नमुना घ्या, दर वेळी एकूण भरणीएवढाच आकडा. आलेख पहिल्या बिंदूलाच वर जाऊन सपाट होतो आणि लेखक लिहितो, 'झटपट मुक्तता'. आधी १० किलोडाल्टनच्या गाळणीतून सेंट्रिफ्यूजने कण वेगळे करा, खाली आलेल्या पाण्यातच चाचणी करा. आणि गाळणी वापरण्याआधी पाण्याने दोनतीनदा धुवा, कारण कोऱ्या गाळण्यांवरही नायट्राइट-नायट्रेट असतं. खरा वायू मोजायचा तर ओझोनवर चालणारा प्रकाशमापक विश्लेषकच हवा: वायू ओझोनशी भिडतो, प्रकाश पडतो, यंत्र तो मोजतं. नळीतून नायट्रोजन अखंड वाहत असल्याने वायूला ऑक्सिजनशी लागायला वेळ मिळत नाही.

कार्बन मोनॉक्साइडसाठी मायोग्लोबिन वापरतात. ऑक्सिजन काढायला त्यात डायथायोनाइट घालतात. २०१२ साली दाखवलं गेलं, की कॉर्म-२ आणि कॉर्म-३ यांतून वायू काढणारा मुख्यतः हा डायथायोनाइटच आहे; साध्या बफरमध्ये ही संयुगं फारसा कार्बन मोनॉक्साइड देतच नाहीत. दहा वर्षांच्या निष्कर्षांखालून सतरंजी ओढली गेली. वायू निघून गेलेला, नुसता धातू उरलेला नमुना शेजारी ठेवणं आता सक्तीचं मानावं.

हायड्रोजन सल्फाइडचा खड्डा सगळ्यांत घरगुती. पेशींच्या उघड्या खळग्यांच्या ताटलीत सोडियम हायड्रोसल्फाइड घातलं, तर पाचेक मिनिटांत अर्धा वायू उडून जातो. सकाळी दिलेला 'डोस' चहाच्या सुट्टीपर्यंत हवेत गेलेला असतो, काही शेजारच्या खळग्यात, जिथे कोरा नमुना बसलाय. सावकाश सोडणारं पॉलिमर इथे खरंच उपयोगी पडतं. नेहमीची मेथिलीन ब्लू चाचणी, झिंक ॲसिटेटमध्ये वायू धरून मग आम्ल घालून निळा रंग आणणारी, इथेही आम्लाचाच घोळ करते: पेशींत दुसरीकडे बांधलेलं गंधकही ती ओढून बाहेर काढते. आणि वासावर भरवसा ठेवून या वायूजवळ काम करू नये. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू थांबला असं नाही.

'सतत, सावकाश, दिवसभर' हे वाहकांच्या वर्णनातलं लाडकं विशेषण. हृदयविकाराची घरं मात्र उलटं काही जाणून असतात. छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात, ते चटकन काम करतं. नायट्रेटचा त्वचेवरचा पट्टा चोवीस तास लावून ठेवला तर एकदोन दिवसांत रक्तवाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात, म्हणून रात्री दहा-बारा तास तो काढून ठेवायला सांगतात. कोणता निरोप सतत द्यायचा आणि कोणत्याला रात्र द्यायची, हे वाहक बनवणाऱ्याने आधी ठरवायला हवं. अमाइन मागाहून निवडलेलं बरं.

राहिली साठवण. ऑटोक्लेव्ह विसरा, उष्णतेने गाठी गेल्या. गॅमा किरणांनी मुक्त मूलकं होतात आणि गाठींवर तुटून पडतात. उरते ०.२२ मायक्रॉनची गाळणी, म्हणून कण दीडशे नॅनोमीटरच्या खाली ठेवा, नाहीतर निम्मा माल गाळणीवरच राहील. गोठवून वाळवताना ५ टक्के ट्रेहॅलोज नावाची साखर घाला. नुसतं वाळवलेलं मायसेल पुन्हा पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. नोनोएट असेल तर आर्गॉनखाली उणे २० अंशांना, कोरडं, आणि कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, कारण थंड काचेवर हवेतलं दव बसतं आणि तेवढा ओलावा पुरतो. जीएसएनओच्या कुपीला फॉइल गुंडाळा, वर तारीख लिहा. वापरण्याआधी फॉइल थोडं सरकवून पाहा. भुकटी गुलाबी असेल तर वायू आत आहे. कडेने पांढरी पडू लागली असेल तर ते नुसतं ऑक्सिडाइझ झालेलं ग्लुटाथायोन. ३३५ला मोजण्यातही वेळ घालवू नका, नवीन करा.